‘आवसथ’ ते ‘बुटीक हॉटेल’ : नाशिक येथील निवासवाचक शब्दांचा अर्थविचार

नाशिक शहराच्या पश्चिमेस कॉलेज रोड व गंगापूर रोड या दोन रस्त्यांच्या आसमंतात जी नवी वस्ती वाढली, तीत निवासाच्या व्यवसायाने गेल्या काही दशकांत एक नवे नाव धारण केले आहे. ‘बुटीक हॉटेल’ हे ते नाव होय. खोल्या थोड्या, सजावट प्रत्येक खोलीची निराळी, मालकाची अभिरुची जागोजागी दिसावी अशी मांडणी, आणि येणाऱ्यास नावाने ओळखणारा सेवकवर्ग, एवढ्या गोष्टी या नावाखाली गृहीत धरल्या जातात. खोल्यांची संख्या किती असावी याविषयी एकमत नाही. परंतु मोठ्या साखळी-हॉटेलांचा एकसारखेपणा येथे नसावा, याविषयी मात्र एकमत आहे.

नाशिक हे क्षेत्र असल्यामुळे परस्थास उतरवून घेणे हा या गावाचा अतिशय जुना उद्योग आहे, आणि त्या उद्योगाचे शब्दही तितकेच जुने आहेत. नवा शब्द मराठीत येतो तो रिकाम्या जागेत येत नाही. पूर्वीच्या शब्दांनी आपापसांत वाटून घेतलेल्या अर्थक्षेत्रात त्याला जागा करून घ्यावी लागते, आणि तसे करताना तो शेजारच्या शब्दांना थोडे सरकवितो. प्रस्तुत लेखात या अर्थक्षेत्राची घडण पाहावयाची आहे. त्यासाठी प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारणे सोयीचे होईल : राहणाऱ्याचा खर्च कोण सोसतो? कोण कोणाची निवड करतो? आणि राहणाऱ्यास तेथे काय म्हणून संबोधिले जाते? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी निवासवाचक शब्दांतील भेद जितका स्पष्ट होतो, तितका इमारतीच्या वर्णनाने होत नाही.

१. लेखांतील निवासवाचक शब्द

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. ते सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील मानले जातात. त्यांपैकी प्रमुख लेखाची भाषा संस्कृत असली तरी तीवर प्राकृताची छाया पदोपदी दिसते. उषवदाताने केलेल्या दानांच्या यादीत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने ‘चतुशालावसध’ व ‘प्रतिश्रय’ दिल्याचा उल्लेख आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, शोर्पारग म्हणजे सोपारा, आणि गोवर्धन हे नाशिकजवळचे तत्कालीन महत्त्वाचे ठाणे होय. ते नाव गंगापूर रस्त्यावरील गोवर्धन या गावाच्या रूपाने आजही शिल्लक आहे.

‘चतुशालावसध’ यातील उत्तरपद संस्कृत ‘आवसथ’ होय. ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून ते सिद्ध झाले असून वैदिक वाङ्मयापासून ते विशेषतः अतिथीच्या निवासस्थानास लाविले जाते. पूर्वपद ‘चतुःशाला’ म्हणजे मधल्या चौकाभोवती चारही बाजूंनी शाला असलेली वास्तू. मराठीतील ‘चौसोपी वाडा’ ही संज्ञा तिच्यापासून व्युत्पन्न झालेली नाही. पण रचना तीच आहे आणि संज्ञा बनविण्याची रीतही तीच आहे. ‘आवसथ’ हा शब्द मराठीत टिकला नाही. त्याच्या धातूचे कुटुंब मात्र टिकले. ‘वसति’ या शब्दापासून आलेला ‘वस्ती’ हा शब्द आज लोकवस्ती या अर्थी रूढ असला, तरी रात्रीच्या मुक्कामाचा जुना अर्थ त्याने सोडलेला नाही. गावी रात्री मुक्काम करणाऱ्या एस.टी.ला खेड्यापाड्यांत ‘वस्तीची गाडी’ म्हणतात, तेव्हा तो अर्थ जिवंत असतो. त्याच लेखात नद्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ बांधल्याचेही सांगितले आहे. प्रपा म्हणजे पाणी पाजण्याची जागा. मराठी ‘पाणपोई’तील ‘पोई’ याच शब्दाशी जोडली जाते.

याच लेण्यातील दुसऱ्या एका लेखावरून या आतिथ्याची आर्थिक बाजूही कळते. उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेविले. मुद्दल परत द्यावयाचे नव्हते. व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे निःसंदिग्ध आहे. खर्च दाता सोसतो, आणि राहणारा व दाता यांची भेट होण्याचीही गरज नसते. दात्याला पुण्य मिळते, श्रेणीला भांडवल मिळते, राहणाऱ्याला निवारा मिळतो. या व्यवहारात ग्राहक कोणीच नाही.

२. ‘यजमान’ शब्दाची उलटापालट

मध्ययुगीन व पेशवेकालीन नाशिकमध्ये परगावच्या यात्रेकरूची राहण्याची मुख्य सोय म्हणजे त्याच्या तीर्थोपाध्यायाचा वाडा. रामकुंडावर स्नान, श्राद्ध व इतर विधी करण्यासाठी येणारे घराणे वंशपरंपरेने एका उपाध्यायाशी बांधलेले असे. त्या घराण्यातील कोण केव्हा आला, त्याच्या वडिलांचे, आजाचे व बंधूंचे नाव काय, याची नोंद उपाध्यायाच्या वहीत होत असे. या नामावळ्या नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील अनेक उपाध्ये घराण्यांत जपलेल्या आहेत, आणि वंशावळ जुळविणारे लोक त्या पाहण्यास अजूनही येतात.

या नात्यात यात्रेकरूस ‘यजमान’ म्हणत. हा प्रयोग भाषाभ्यासकाने थांबून पाहण्याजोगा आहे. ‘यज्’ या धातूचे हे आत्मनेपदी वर्तमानकालवाचक धातुसाधित होय. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करितो, तर यजमान स्वतःसाठी करितो व करवितो. फळ त्याचे आणि खर्चही त्याचा. या मूळ अर्थापासून मराठीत शब्दाच्या निरनिराळ्या शाखा फुटल्या : उपाध्यायाचा आश्रयदाता, घरधनी, धनी किंवा मालक, स्त्रीच्या तोंडी पती, आणि पाहुण्याचे स्वागत करणारा गृहस्थ. आजच्या प्रमाण मराठीत शेवटचा अर्थ सर्वांत ठळक आहे. कोणतेही संमेलन भरले म्हणजे ‘यजमान संस्था’ ही पाहुण्यांची सोय करणारी संस्था असते.

क्षेत्राच्या भाषेत मात्र याच्या उलट आहे. तेथे जो दुसऱ्याच्या वाड्यात उतरतो, दुसऱ्याच्या घरचे पाणी पितो, तो यजमान; आणि जो त्याला जागा देतो तो उपाध्याय. म्हणजे एकाच भाषेत एकच शब्द आतिथ्याच्या दोन्ही टोकांना लागतो. अशी उलटापालट मराठीतच झाली असे नाही. लॅटिनमधील ‘होस्पेस’ या शब्दाचा अर्थ आतिथ्य करणारा आणि अतिथी असा दुहेरी होता. परस्परांवर आतिथ्याचे ऋण असलेली दोन माणसे त्या शब्दाने दर्शविली जात, आणि ऋण परस्पर असल्यामुळे दोघांना एकच शब्द पुरे होई. मराठी ‘यजमान’ शब्दाचे कारण निराळे आहे. तेथे आतिथ्य हे मुख्य कार्य नसून विधी हे मुख्य कार्य आहे, आणि नाव विधीतील स्थानावरून पडलेले आहे. छप्पर कोणाचे हा प्रश्न गौण ठरतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथे वेगळे मिळते. यजमान उपाध्यायाची निवड करीत नसे आणि उपाध्याय यजमानाची करीत नसे. दोघेही आपापल्या वाडवडिलांच्या नोंदीने बांधलेले असत. जे द्यावयाचे त्यास भाडे म्हणत नसत. ती दक्षिणा होती, आणि दक्षिणेचा दर फळ्यावर लिहिलेला नसतो. या व्यवस्थेत आपलेपणा होता, तशी जाचकताही होती. आणि ज्यांना त्या विधिव्यवस्थेतच स्थान नव्हते, त्यांच्यासाठी वहीत पानही नव्हते.

३. सराई, धर्मशाळा आणि त्यांची दारे

फारसीतून मराठीस ‘सराई’ आणि ‘मुसाफरखाना’ हे शब्द मिळाले. फारसीत ‘सराय’ म्हणजे मोठे घर किंवा वाडा. प्रवाशांच्या उतरण्याची जागा हा अर्थ त्यापुढचा. ‘खाना’ म्हणजे घर, आणि ते ‘दवाखाना’, ‘कारखाना’ या शब्दांत मराठीने पूर्णपणे आपलेसे केले आहे. ‘लग्नसराई’तील हंगामवाचक ‘सराई’ हा केवळ समोच्चारी शब्द समजावा. इंग्रजी अमदानीत १८६७ साली सराईंच्या नोंदणीसाठी व स्वच्छतेसाठी कायदा झाला, आणि त्यायोगे हा शब्द सरकारी दप्तरातही स्थिरावला.

लोकव्यवहारात मात्र ‘धर्मशाळा’ हाच शब्द प्रबळ राहिला. धर्मशाळेत दाता खर्च सोसतो, म्हणून अर्थाच्या दृष्टीने ती आवसथाची वारस आहे. तेथे छप्पर मिळते, अन्न मिळतेच असे नाही. यात्रेकरू आपला शिधा घेऊन येई, तीन दगडांची चूल मांडी आणि आपल्या हाताने शिजवी. जेथे अन्नही मिळे त्याला ‘अन्नछत्र’ किंवा ‘सदावर्त’ असा निराळा शब्द होता. निवारा व अन्न यांच्यासाठी मराठीत असे दोन स्वतंत्र शब्द असणे ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

‘धर्म’ हे पद नावात असले तरी धर्मशाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. बहुतेक धर्मशाळा जातवार किंवा पंथवार असत, आणि अस्पृश्य गणलेल्या यात्रेकरूस क्षेत्रात उघड्यावर रात्र काढावी लागे. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) धर्मशाळा बांधण्याचे जे कार्य केले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. पंढरपुरास १९१७ साली उभी राहिलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांच्या या कार्याची सुरुवात समजली जाते. पुढे नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांतही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या नाशकात उतरण्याच्या जागेचा प्रश्न मंदिरप्रवेशाच्या प्रश्नापासून दूरचा नव्हता. स्वतः आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होताना राहण्यास जागा मिळेना. पारशांसाठी असलेल्या एका निवासगृहात ते पारशी नाव नोंदवून राहिले, आणि ओळख उघड होताच त्यांना तेथून घालवून देण्यात आले. हा अनुभव त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविला आहे. नोंदवहीत कोणते नाव लिहावयाचे हा प्रश्न उपाध्यायाच्या यजमानाला अभिमानाचा होता. येथे तोच प्रश्न अपमानाचा झाला.

४. ‘हॉटेल’ व ‘लॉज’ : अर्थाची वाटणी

‘हॉटेल’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला. इंग्रजीने तो फ्रेंचमधून घेतला, आणि फ्रेंचमधील त्याचे जुने रूप ‘होस्तेल’ हे लॅटिन ‘होस्पिताले’ म्हणजे अतिथिगृह या शब्दापासून निघाले. वर सांगितलेला ‘होस्पेस’ हा शब्द याच्या मुळाशी आहे. मराठीतील ‘इस्पितळ’ हा शब्दही त्याच मुळापासून पोर्तुगीज मार्गाने आलेला आहे. म्हणजे ‘इस्पितळ’ आणि ‘हॉटेल’ हे मराठीत येऊन वसलेले सख्खे भाऊ होत. एक गोव्याच्या बाजूने आला, दुसरा मुंबईच्या बाजूने.

मराठीत या शब्दाचा अर्थ मात्र बदलला. इंग्रजीत ‘हॉटेल’ म्हणजे प्रथमतः राहण्याची जागा. मराठीत ती प्रथमतः खाण्यापिण्याची जागा आहे. ‘आज हॉटेलात जाऊ’ या वाक्याने मराठी श्रोता मुक्कामाचा अर्थ काढीत नाही. चार बाके आणि एक शेगडी असलेल्या चहाच्या जागेसही खेड्यात हॉटेलच म्हणतात. याची उपपत्ती पूर्वोक्त वाटणीतून लागते. परक्या गावी परक्या छपराखाली झोपणे मराठी माणसास नवे नव्हते. त्यासाठी त्याच्याजवळ धर्मशाळा होती, वाडा होता, शब्द होते. परक्याने शिजविलेले, पैसे मोजून, कोणाच्याही शेजारी बसून खाणे हे नवे होते. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य उठले, आणि टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात कसे ओढले गेले, हे सर्वश्रुत आहे. अशा समाजात ‘हॉटेल’ या परकी संस्थेचे जे अंग सर्वांत धक्कादायक, तेच त्या शब्दाचा अर्थ होऊन बसले. ‘खाणावळ’ हा शब्द पूर्वीपासून होता. परंतु खाणावळीत नेहमीच्या, ओळखीच्या व बहुधा स्वजातीय जेवणाऱ्यांची मासिक सोय असे. अनोळखी माणसाची अनोळखी पंगत हॉटेलाने आणली.

राहण्याची जागा मग ‘लॉज’ या दुसऱ्या शब्दाने भरून काढली. शहरांतील पाट्यांवर ‘बोर्डिंग’ व ‘लॉजिंग’ ही जोडी जी दिसे, ती जुन्या अन्न-निवारा भेदाचेच इंग्रजी पोशाखातील रूप होय. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांवरूनही हा भेद दिसतो : माणूस हॉटेलात जेवतो, पण लॉजवर उतरतो. ‘-वर’ हे अव्यय ‘घाटावर’, ‘स्टेशनवर’, ‘नाक्यावर’ याप्रमाणे येण्याजाण्याच्या ठिकाणास लागते. आपल्या घरास ते लागत नाही. क्रियापदही बोलके आहे. ‘उतरणे’ म्हणजे घोड्यावरून किंवा गाडीतून खाली येणे. राहणे हा त्याचा लक्ष्यार्थ. ‘लॉज’ या शब्दाचे मूळ तर नाशिकच्या संदर्भात विशेष मनोवेधक आहे. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचमधून घेतला, आणि फ्रेंचने जर्मानिक बोलीतून. तेथे त्याचा अर्थ पानांनी शाकारलेला मांडव असा होता. पंचवटीतील पर्णकुटीची कथा सांगणाऱ्या गावात बसस्थानकासमोरच्या लॉजच्या पाटीवर हाच अर्थ नकळत लिहिलेला असतो.

१८६० च्या दशकात रेल्वे नाशिकपर्यंत आली. स्टेशन शहरापासून सुमारे ९ किलोमीटर दूर झाले आणि त्याभोवती ‘नाशिक रोड’ हे निराळे गाव वाढले. रेल्वेने येणारा माणूस यात्रेकरू असेलच असे राहिले नाही; तो व्यापारी, पक्षकार, नोकरदार, विक्रेता असू शके. त्याला उपाध्याय नव्हता आणि त्याला धर्मशाळेत जाण्याचे प्रयोजनही नव्हते. भाडे देऊन राहणारा हा जो नवा प्रवासी, त्याच्यासाठी ‘लॉज’ हा शब्द रुजला. येथे पहिल्यांदाच तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम बदलतात : खर्च राहणारा सोसतो, निवडही तो करतो, आणि त्याला म्हणावयाचे ते ‘गिऱ्हाईक’.

या बदलाला कायद्याने जो आधार दिला, त्याचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही असे सांगितले आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात (याचेच नाव पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले) हॉटेल, धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द एका ओळीत मांडले गेले. इतकेच नव्हे, तर ‘हॉटेल’ या संज्ञेत उपाहाराची खोली, भोजननिवास, लॉज, कॉफीगृह आणि कॅफे यांचाही समावेश होतो असे कायद्यानेच स्पष्ट केले. इंग्रजीत लिहिलेल्या त्या कायद्याला ‘हॉटेल’ या शब्दाचा भारतीय अर्थ ध्यानात घेऊन व्याख्या रुंद करावी लागली, ही अर्थविचाराच्या दृष्टीने बोधप्रद गोष्ट आहे. शब्दाची व्याख्या अरुंद ठेविली असती तर चहाच्या कपाचा प्रश्न तिच्याबाहेर राहिला असता.

५. अर्थापकर्ष आणि ‘बुटीक’

भाड्याच्या निवासाचे वाचक शब्द लवकर झिजतात. ‘लॉज’ हा शब्द कालांतराने स्वस्त, काळोख्या व काहीशा संशयास्पद जागेचा वाचक झाला. हा अर्थापकर्ष झाल्यामुळे वरच्या वर्गातील जागांना निराळे नाव शोधणे भाग पडले. ‘गेस्ट हाउस’, ‘रेसिडेन्सी’, ‘इन’, ‘रिसॉर्ट’ हे शब्द त्या गरजेतून पाट्यांवर चढले. यातील ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा. ‘प्राघुण’ या संस्कृत रूपाशी संबद्ध असलेला ‘पाहुणा’ हा शब्द घरगुती आहे, आणि पाहुण्याकडून कोणी पैसे घेत नाही. म्हणून गिऱ्हाइकास ‘पाहुणा’ म्हणावयाचे तर ते इंग्रजीतूनच म्हणावे लागते. घरगुती बोलण्यातील दोन वाक्प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. रात्री उशिरा येणाऱ्या मुलास ‘घराची धर्मशाळा केलीस’ असे म्हणतात, आणि केवळ जेवणापुरत्या घरी येणाऱ्यास ‘घराची खाणावळ केलीस’ असे म्हणतात. घर म्हणजे ज्याची मोजदाद होत नाही अशी जागा, ही मराठी माणसाची कल्पना या दोन ठपक्यांतून व्यक्त होते.

‘बुटीक’ हा शब्द या परंपरेतील सर्वांत अलीकडचा. ग्रीक ‘अपोथेके’ म्हणजे कोठार. त्यापासून लॅटिन ‘अपोथेका’, त्यापासून प्रॉव्हाँसालद्वारे फ्रेंच ‘बुतीक’ म्हणजे लहान दुकान. जर्मनमध्ये याच शब्दाचे औषधांचे दुकान झाले, तर स्पॅनिशमध्ये ‘बोदेगा’ म्हणजे मद्याचे तळघर झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीत तो फॅशनच्या कपड्यांच्या लहान दुकानास लागला, आणि मराठी शहरांत प्रथम आला तो याच अर्थाने. मराठी शहरांतील ‘लेडीज बुटीक’ ही पाटी ‘बुटीक हॉटेल’च्या आधीची आहे.

निवासास हा शब्द कसा लागला याचा इतिहास ठाऊक आहे. लंडनमध्ये १९७८ साली अनुष्का हेम्पेल यांचे ‘ब्लेक्स’, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८१ साली बिल किम्टन यांचे ‘बेडफर्ड’, आणि न्यू यॉर्कमध्ये १९८४ साली इयन श्रेगर व स्टीव्ह रूबेल यांचे ‘मॉर्गन्स’ ही या प्रकाराची आरंभीची उदाहरणे मानली जातात. मोठी हॉटेले जर सर्ववस्तुभांडारे, तर आपले हॉटेल म्हणजे बुटीक, ही तुलना रूबेल यांच्या नावावर सांगितली जाते. उपमा ध्यानात घेण्यासारखी आहे. आवसथाची उपमा घराची होती, यजमानाची यज्ञाची, धर्मशाळेची पुण्याची. येथे उपमाच दुकानाची आहे, आणि ती लपविण्याऐवजी अभिमानाने नावात घातली आहे. सर्व काही सर्वांसाठी ठेवणारे दुकान नव्हे. थोडे, निवडलेले, आणि निवडीची जाण असलेल्यांसाठी ठेवणारे दुकान, हा त्या शब्दाचा गाभा होय.

नाशिकला हा शब्द पोहोचण्यास द्राक्षाचा उद्योग कारण झाला. १९९९-२००० च्या सुमारास सुला या मद्यनिर्मितीसंस्थेने गंगापूर धरणाच्या परिसरात आपले काम उभे केले, आणि २००५ साली तेथे मद्यास्वादनाची खोली लोकांसाठी उघडली. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले होते. २०१० साली ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशनाचा दर्जा मिळाला. मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी येणारा एक नवा प्रवासी निर्माण झाला. तो यात्रेकरू नव्हता आणि कामासाठी आलेला विक्रेताही नव्हता. त्याला विश्रांतीबरोबर आपल्या अभिरुचीची पावती हवी होती. या संस्थेच्या मद्यालयाचा पत्ता गोवर्धनचा आहे, हा योगायोग स्थलनामांच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. उषवदाताने जेथे चतुःशाल आवसथ दिला असे लेख सांगतो, त्याच नावाच्या गावाच्या रस्त्यावर नवा निवासव्यवसाय उभा राहिला आहे.

६. ‘वाडा’ : वस्तू जाते, नाव राहते

शोभिवंत निवासांच्या नावांत अलीकडे ‘वाडा’, ‘हवेली’, ‘कोठी’ असे शब्द महाराष्ट्रभर योजिले जातात. ‘वाडा’ या शब्दाच्या दोन बाजू जुन्या मराठीपासून आहेत, व मोल्सवर्थच्या कोशातही त्या नोंदलेल्या आहेत : एक म्हणजे मोठे, प्रतिष्ठित घर, दुसरी म्हणजे वस्तीचा विभाग किंवा आवार. शिंदेवाडा, रास्तेवाडा हे पहिल्या अर्थाचे. गौळवाडा, कुंभारवाडा, महारवाडा हे दुसऱ्या अर्थाचे. दुसऱ्या अर्थात जातवार वस्तीचा इतिहास दडलेला आहे. व्यवसायाने ‘वाडा’ हे नाव उचलताना पहिला अर्थ तेवढा घेतला आणि दुसरा सोडून दिला. यास अर्थसंकोच म्हणावे. आणि प्रत्येक अर्थसंकोचाप्रमाणे यातही काही विस्मरण आहे.

जुन्या नाशकात, सराफबाजार, तिवंधा, भद्रकाली या भागांत, लाकडी खांबांचे व चौकांचे वाडे पावसाळ्यागणिक जीर्ण होत आहेत. वाटण्या, भाडेकरूंचे प्रश्न आणि दुरुस्तीचा खर्च यांमुळे त्यांतील अनेकांच्या जागी नव्या इमारती उभ्या राहिल्या. त्याच काळात शहराच्या दुसऱ्या टोकास नव्या सिमेंटच्या भिंतींवर जुन्या दाराची चौकट बसवून वाड्याची आठवण विकत घेता येते. भाषेत ही घटना नवीन नाही. वस्तू व्यवहारातून जाऊ लागली म्हणजे तिचे नाव मोकळे होते, आणि मोकळ्या झालेल्या नावास भाव येतो. मात्र एक वस्तुनिष्ठ भेद येथे नोंदविला पाहिजे. जुन्या वाड्याचा चौक हा कामाचा होता : तेथे धान्य वाळे, श्राद्धाची पाने मांडली जात, यात्रेकरूंची अंथरुणे पडत. नव्या वाड्यातील चौक पाहण्यासाठी असतो. नाव तेच असले तरी कार्य बदलले, आणि शब्दाचा अर्थ कार्याबरोबर जातो.

७. समारोप

‘बुटीक हॉटेल’साठी मराठी प्रतिशब्द घडवावा काय, असा प्रश्न अशा चर्चेच्या शेवटी सहज उपस्थित होतो. ‘लघुनिवास’ म्हटल्यास आकार तेवढा कळतो, ‘अतिथिगृह’ हे सरकारी वाटते, ‘कलानिवास’ कृत्रिम वाटते. ‘उपाहारगृह’ या सुघटित शब्दाचे पाट्यांवर सर्रास ‘उपहारगृह’ होऊन खाण्याची जागा भेटवस्तूची जागा बनते, हे पाहता केवळ घडणीच्या शुद्धतेवर शब्द तगत नाही हेही स्पष्ट आहे. ‘हॉटेल’ने जसा मराठीत आपला स्वतंत्र अर्थ मिळविला, तसा ‘बुटीक’नेही मिळविला तर त्यात हानी नाही.

परंतु शब्दासोबत जी कल्पना येते तिची पारख करणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. ‘बुटीक’ या शब्दाचे सारे तेज निवडीत आहे, आणि निवासाच्या क्षेत्रात निवड हा शब्द महाराष्ट्रास निरपराध नाही. उपाध्यायाच्या वहीने जन्मावरून निवडले, धर्मशाळेने जातीवरून निवडले, आणि ती निवड मोडण्यासाठी सत्याग्रह व कायदे करावे लागले. नव्या निवासात निवड किमतीने होते आणि अभिरुचीच्या भाषेत बोलते. जन्म बदलता येत नाही, पैसा मिळविता येतो. त्यामुळे ही निवड पूर्वीच्या निवडीसारखी नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. तरी दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने दार बंद असणे म्हणजे बंद असणेच होय.

२०१५ च्या सिंहस्थानंतरची मुख्य स्नाने २०२७ साली येतात. त्या पर्वणीस येणारे बहुसंख्य लोक ना यजमान असतील, ना गिऱ्हाईक, ना ‘गेस्ट’. ते तपोवनात, घाटावर, तंबूत किंवा उघड्यावर रात्र काढतील. त्यांच्या त्या जागेसाठी आजच्या मराठीत ‘निवारा’ हा एकच साधा शब्द उरला आहे. जो ऊन, वारा आणि पाऊस यांचे निवारण करतो तो निवारा; त्यात दात्याचा उल्लेख नाही, दराचा नाही आणि अभिरुचीचाही नाही. उषवदाताच्या लेखातील ‘प्रतिश्रय’ या शब्दाच्या अर्थाला सर्वांत जवळचा मराठी शब्द शोधावयाचा झाल्यास तो हाच होय.